पाणी आणि पंगत : मराठी मंडळीतील बाप्तिस्मा व प्रभुभोजन

परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती घरे विरळ आहेत. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या गावी एखादे ख्रिस्ती कुटुंब नोकरीच्या बदलीने येऊन राहिले, तर रविवारच्या उपासनेसाठी त्याला बहुधा तालुक्याची नाहीतर जिल्ह्याची वाट धरावी लागते. तिथे नावगाव विचारून झाले की पुढचा प्रश्न येतो तो बाप्तिस्म्याचा. कधी झाला आणि कसा झाला? तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडून, की कळत्या वयात पाण्यात बुडवून? उत्तर त्या मंडळीच्या रीतीशी जुळले नाही, तर प्रभुभोजनाच्या वेळी त्या कुटुंबाला मागे बसून राहावे लागते, किंवा पुन्हा एकदा पाण्यात उतरण्याचा आग्रह ऐकावा लागतो. मूठभर माणसांच्या समाजात ही गत व्हावी हे दुःखाचे आहे. ती का झाली हे समजण्यासाठी या दोन विधींचा अर्थ आणि त्यांची मराठी मुलखातली वाटचाल एकत्र पाहायला हवी.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात जात सर्वांत उघडी दिसायची ती पाणवठ्यावर आणि पंगतीत. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट इथे कोणाला नव्याने सांगायला नको. आणि येशूने आपल्या शिष्यांना पाळायला सांगितलेले दोन विधी नेमके याच दोन जागांचे आहेत : एक पाण्याचा, एक जेवणाचा. या मुलखात त्यांना जे वजन आले ते युरोपात क्वचितच आले असेल. मराठी मंडळी मात्र पाणी किती असावे यावर दोनशे वर्षे वाद घालत राहिली. पंगतीत कोण बसले आणि कोण राहिले, याची तेवढी काळजी तिने घेतली नाही.

विधी कोणते, किती, आणि ते करताना नेमके काय घडते, यावर ख्रिस्ती जगात एकमत नाही. कॅथलिक मंडळी सात संस्कार मानते : स्नानसंस्कार (म्हणजे बाप्तिस्मा), दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद (म्हणजे प्रभुभोजन), प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. त्रेंतच्या परिषदेने १५४७ साली ही संख्या ठामपणे सांगितली. प्रॉटेस्टंट सुधारकांनी त्यांतले दोनच ठेवले, कारण शुभवर्तमानात येशूची उघड आज्ञा त्या दोघांपुरतीच सापडते : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. पण या दोनांविषयीही दोन मते आहेतच. अँग्लिकन, लूथरन, मेथडिस्ट यांच्या परंपरेत हे संस्कार आहेत. त्यांच्याद्वारे देव माणसाला खरोखर काही देतो. बाप्तिस्त आणि त्यांच्या वळणाच्या मंडळ्यांत हे आज्ञापालनाचे विधी आहेत. देवाने जे द्यायचे ते विश्वासाने आधीच मिळालेले असते. पाण्यात उतरणारा माणूस चारचौघांत त्याची साक्ष देतो. पुढच्या बहुतेक रीती या भेदातून निघतात. देव देतो असे मानले तर तान्ह्या मुलालाही बाप्तिस्मा देता येतो. माणसाची साक्ष मानली तर साक्ष देण्याइतकी समज यावी लागते.

पाणी किती हा वाद जितका चिघळला तितका तो जुना नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा त्याच्या आसपास लिहिलेली ‘दिदाखे’ नावाची छोटी ग्रीक पुस्तिका १८७३ साली एका हस्तलिखितात सापडली आणि १८८३ साली छापली गेली. तिच्यात बाप्तिस्म्याची रीत सांगितली आहे. वाहते पाणी असेल तर वाहत्या पाण्यात. नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर गरम. आणि तेवढेही नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे. पाण्याच्या मापापेक्षा ज्याच्या नावाने बाप्तिस्मा होतो ते नाव तिथे मोठे ठरते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. मराठवाड्यात राहणाऱ्याला त्या पुस्तिकेतले शहाणपण लगेच कळेल.

मराठी भाषेत ख्रिस्ती श्रद्धेचा पहिला मोठा ग्रंथ गोव्यात तयार झाला. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणांच्या जागी ऐकायला काहीतरी हवे होते, म्हणून ते ओवीत रचले गेले. मात्र गोवा-वसईच्या त्या काळाबद्दल बोलताना एक गोष्ट झाकता येत नाही. पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याच्या पाण्यामागे सत्ताही उभी होती, आणि १५६० पासून इन्क्विझिशनही. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या घरातल्या जुन्या चालीरीतींवर नजर ठेवली जाई. आज वसईतला कॅथलिक समाज मराठी साहित्यात मानाने उभा आहे. ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, म्हणजे मराठवाड्यानेच त्यांना तो मान दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली आणि वेदीवर मराठी रुळली. ख्रिस्तप्रसाद खऱ्या अर्थाने लोकांच्या कानांत आणि तोंडी आला तो तेव्हा.

प्रॉटेस्टंट मराठी मंडळीची रीत कशी ठरली याची कथा एका जहाजावर सुरू होते. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने १८१२ साली आपले पहिले मिशनरी हिंदुस्थानाकडे धाडले. त्यांतल्या अॅडोनिराम जडसन यांनी प्रवासात बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास आरंभला, आणि कलकत्त्याला पोचल्यावर, लहानपणी शिंपडलेले पाणी पुरेसे नाही असे ठरवून, ६ सप्टेंबर १८१२ रोजी बुडवून बाप्तिस्मा घेतला. ल्यूथर राइस यांनीही पुढे तेच केले. जडसन ब्रह्मदेशाला गेले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या मूळ मतावर राहिले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन वाढले, १८३१ साली अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेले, आणि नगर-सोलापूर भागातल्या हजारो घरांत मूल जन्मले की पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी शिंपडायचे ही रीत पडली. हॉल आणि नॉट यांनीही त्या वर्षी जडसनांची वाट धरली असती, तर नगर जिल्ह्यातल्या आजीबाई आज विहिरीतल्या बाप्तिस्म्याच्या आठवणी सांगत असत्या.

मराठवाड्याकडे हे काम जालन्याच्या वाटेने आले. नारायण शेषाद्री हे दख्खनी ब्राह्मण, मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ साली झाला. पुढे निजामाच्या राज्यात जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वसाहत उभारली. तिच्यासाठी जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारकिर्दीत. त्यांच्या हातून ज्यांचे बाप्तिस्मे झाले त्यांत मांग समाजाचे लोक पुष्कळ होते. ब्राह्मण घरात जन्मलेला पाळक मांगवाड्यातल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवतो आणि नंतर त्याच्याच बरोबर एका प्याल्यातून पितो, हे दृश्य त्या काळच्या जालन्यात किती अपूर्व होते याचा अंदाज आज करणेही अवघड आहे. मराठवाड्याच्या ख्रिस्ती इतिहासात याहून महत्त्वाची घटना मला दिसत नाही.

याच शेषाद्रींच्या घरातला एक प्रसंग या लेखाच्या मुद्द्यावर थेट प्रकाश टाकतो. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहायला गेला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. म्हणजे मिशनच्या हिशेबाने तो ख्रिस्ती झालाच नव्हता. पण त्याने मिशनरींच्या घरचे अन्न खाल्ले होते, आणि ब्राह्मण समाजाच्या हिशेबाने तो त्याच क्षणी बाहेर गेला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. सनातन्यांनी त्यांना कडाडून विरोध केला. मिशनने सीमा पाण्यावर आखली होती, समाजाने अन्नावर.

१८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात तेच पुन्हा दिसले. पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे दिली गेली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा प्याले, कोणी पेला नुसता हातात धरला. नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले. रानड्यांसारख्या माणसाला शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. यांतल्या कोणाच्याही मनात बाप्तिस्म्याचा विचार नव्हता. प्रश्न एका पेल्याचा होता. ज्या समाजात पेलाभर चहाने एवढी खळबळ होते, तिथे एकाच प्याल्यातून सर्वांनी पिण्याचा विधी ही साधी धार्मिक क्रिया राहू शकत नाही.

म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या बाप्तिस्म्यांची किंमत समजून घ्यायला हवी. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा १८३९ च्या मे महिन्यात झाला. खटला झाला, शाळा ओस पडू लागली. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये, यासाठी सरकारला १८५० साली कायदा करावा लागला. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ साली बेळगावला झाला. ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीचा पाया घालणाऱ्या या लेखकाने आपल्या आत्मचरित्रात त्या निर्णयाआधीची घालमेल मोकळेपणाने मांडली आहे. बाप्तिस्मा म्हणजे घर सुटणे, हे या पिढीला माहीत होते. आज पुष्कळ मंडळ्यांत तो मुलाच्या बारशासारखा साजरा होतो. त्यात आनंद आहेच. पण ती किंमत विसरली की विधी हलका होतो.

पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न सर्वांत खोल नेला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी आणि त्यांच्या लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. अँग्लिकन भगिनींची अपेक्षा अशी की आता रमाबाई त्यांच्या चर्चच्या शिस्तीत राहतील. रमाबाईंचे उत्तर स्पष्ट होते : आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत झाला आहे, कोणा एका पंथात नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घातला, आणि आहार आपला शाकाहारीच ठेवला. सिस्टरांना त्यात जातीचा अवशेष दिसला. रमाबाईंना तो आपल्या देशाचा आणि आपल्या मनाचा हक्क वाटला. मला रमाबाईंचे म्हणणे पटते. एका पंगतीला बसणे ही आज्ञा आहे. पंगतीत कोणता पदार्थ वाढावा, ही आज्ञा नाही. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात आश्रयाला आलेल्या मुलींचे बाप्तिस्मे भीमेच्या पात्रात झाले.

त्याच मुक्तीत १९०५ साली मोठे आध्यात्मिक जागरण झाले. मुली रात्र रात्र प्रार्थना करीत, रडत, अनोळखी भाषांत बोलत. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरचे जागरण एप्रिल १९०६ चे, म्हणजे केडगावनंतरचे. मुक्तीतल्या मिनी एब्रम्स यांची पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावरची पुस्तिका दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशापर्यंत गेली आणि तिथल्या १९०९ च्या पेंटेकोस्टल चळवळीला चालना देणारी ठरली. आज मराठवाड्यातल्या लहान गावांत घराघरांतून भरणाऱ्या प्रार्थनासभांत ‘पाण्याचा बाप्तिस्मा’ आणि ‘आत्म्याचा बाप्तिस्मा’ असे दोन वेगळे अनुभव सांगितले जातात. ही शिकवण अमेरिकेतून आयात झाली असे म्हणणाऱ्यांनी दौंड तालुक्यातले केडगाव लक्षात ठेवावे.

प्रभुभोजनाचा प्रत्यक्ष विधी फार साधा आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तो बहुधा महिन्याच्या पहिल्या रविवारी होतो, काही ठिकाणी तीन महिन्यांनी. मेजावर पांढरा कपडा, त्यावर भाकरीचे तुकडे आणि द्राक्षारस. मिशनरी दारूबंदीचे कडवे पुरस्कर्ते असल्याने या मंडळ्यांत मद्य वापरले जात नाही. बऱ्याच ठिकाणी बेदाणे किंवा काळी मनुका उकळून, गाळून रस करतात. अमेरिकेत थॉमस वेल्श यांनी १८६९ साली द्राक्षाचा रस न आंबता टिकवण्याची रीत काढली, तीही प्रभुभोजनासाठीच. क्षयाच्या जंतूंची भीती पसरल्यावर एका प्याल्याच्या जागी लहान लहान पेले आले. करोनाच्या काळानंतर तर ते जवळपास सगळीकडे दिसतात. आरोग्याच्या दृष्टीने यात काही गैर नाही. पण ज्या देशात एका प्याल्याचा अर्थ एवढा मोठा होता, तिथे तो प्याला इतक्या सहज बाजूला ठेवला गेला याची मला खंत वाटते. निदान भाकर तरी एकच असावी आणि ती सर्वांसमोर मोडावी. कॅथलिक नियमाने ती गव्हाचीच लागते. प्रॉटेस्टंटांना तसे बंधन नाही. ज्वारीच्या मुलखात ज्वारीची भाकरी मोडायला त्यांना काहीच हरकत नाही.

या मेजावर नेमके काय घडते यावर लूथर आणि झ्विंग्ली १५२९ साली मारबुर्गला भेटले आणि मतभेद तसेच ठेवून उठले. भाकर ख्रिस्ताचे शरीर होते, की त्याच्यासह ख्रिस्त उपस्थित असतो, की ती केवळ आठवण आहे, यावर ग्रंथांचे डोंगर आहेत. पण प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला जे खडसावले ते या तत्त्वचर्चेसाठी नव्हे. तिथले सधन लोक आधी येऊन पोटभर खाऊन घेत आणि मागाहून येणारे गरीब उपाशी राहत. असे जेवण हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे त्याने लिहिले. अयोग्य रीतीने घेण्याबद्दलचा त्याचा प्रसिद्ध इशारा याच प्रकरणात येतो. आपल्याकडे तो इशारा प्रभुभोजनाच्या आधी वाचला जातो आणि ऐकणारा आपली खासगी पापे आठवतो. शेजारी बसलेल्याला आपण घरी जेवायला बोलावले असते का, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. दक्षिणेत तंजावरकडच्या मंडळ्यांत जातीप्रमाणे वेगळे बसण्याची आणि आधी-नंतर घेण्याची रीत चालत होती. कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांनी १८३३ साली ती मोडण्याचा आदेश काढला. महाराष्ट्रात उघड वेगळे प्याले चालले नाहीत, हे खरे. पण लग्न ठरवताना पूर्वीची जात विचारणारी ख्रिस्ती घरे इथेही आहेत, आणि तीच घरे पहिल्या रविवारी एका मेजापाशी येतात.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त हे सगळे एका घरात घडते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तो परदेशी मिशनरीच्या हातून न घेता भारतीय पाळकाच्या हातून घेतला. लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी त्यांचे पाणी वेगळे होते, स्वयंपाक वेगळा होता. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. त्यांच्या बाबतीत सोवळे आधी सुटले आणि बाप्तिस्मा मागून आला. पंगत बदलली, मगच पाणी. धर्मशास्त्राच्या पुस्तकात हा क्रम सापडणार नाही, पण मराठी बाईच्या आयुष्यात तो असाच येणे साहजिक होते.

मराठी मुलखातल्या आणखी दोन परंपरांचा उल्लेख करायला हवा, कारण आपल्या चर्चेत त्या सुटतात. पहिली चर्च ऑफ द ब्रेदरन. जर्मनीत १७०८ साली सुरू झालेल्या या पंथाचे अमेरिकन मिशनरी १८९४ साली इकडे आले. गुजरातेत बलसाड आणि आपल्याकडे डहाणू ही त्यांची केंद्रे. ते तीनदा बुडवून बाप्तिस्मा देतात. त्यांच्या प्रीतिभोजनात आधी एकमेकांचे पाय धुतात, मग एकत्र जेवतात, मग भाकर आणि प्याला घेतात. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही असेच करा असे सांगितले. कॅथलिक मंडळीत ते पवित्र गुरुवारी होते, बाकीच्यांनी ती आज्ञा जवळजवळ सोडून दिली. पायाला शिवणे म्हणजे काय, हे ज्या समाजाला पक्के ठाऊक आहे त्या समाजातल्या मंडळ्यांनी हा विधी सोडायला नको होता.

दुसरी मुक्तिफौज. फ्रेडरिक टकर, ज्यांनी फकीर सिंग हे नाव घेतले, १८८२ च्या सप्टेंबरात मुंबईला उतरले. पुढच्याच वर्षी मुक्तिफौजेने बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोन्ही थांबवले. नगर जिल्ह्यात मुक्तिफौजेची जुनी घरे आहेत; त्यांचे इव्हँजेलिन बूथ रुग्णालय साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे. तिथे मूल अर्पण केले जाते, तरुण झेंड्याखाली शपथ घेऊन सैनिक होतो. पाणी नाही, मेज नाही. त्यांना ख्रिस्ती म्हणू नये असे रुग्णालयात उपचार घेतलेला कोणीही म्हणणार नाही. विधींचे मोल मी जाणतो, तरी मुक्तिफौजेकडे पाहिले की विधीवाचूनही ख्रिस्ताची सेवा होते हे मान्य करावेच लागते.

पाण्याच्या वादावर मराठी भूमीतच एक मोठा तोडगा निघाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन परंपरेची युनायटेड चर्च, बाप्तिस्त, ब्रेदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. यांतल्या निम्म्या बालकांना बाप्तिस्मा देणाऱ्या, निम्म्या प्रौढांनाच देणाऱ्या. वाटाघाटींत सर्वांत अवघड गाठ तीच होती. शेवटी ठरले की दोन्ही रीती पर्याय म्हणून मान्य. बालकाचा बाप्तिस्मा ज्या पाळकाच्या विवेकाला पटत नाही त्याच्यावर सक्ती नको, दुसरा पाळक तो देईल. आणि झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा नाही. युरोपात याच प्रश्नावर माणसे मारली गेली होती. प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेण्याच्या शिकवणीसाठी फेलिक्स मांझ याला झुरिकच्या नदीत १५२७ च्या जानेवारीत बुडवून मारले होते. नागपूरने ही गाठ शांतपणे सोडवली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, ही उणीव राहिलीच. जागतिक पातळीवर, जागतिक चर्च परिषदेच्या लिमा दस्तऐवजाने बाप्तिस्मा पुन्हा करण्याजोगा नाही असे म्हटले ते १९८२ साली, म्हणजे नागपूरनंतर बारा वर्षांनी.

पण गेल्या काही दशकांत गाठ पुन्हा पडली आहे. स्वतंत्र आणि पेंटेकोस्टल मंडळ्या वाढल्या, आणि जुन्या मंडळीतल्या माणसाला ‘तुझा बाप्तिस्मा झालाच नाही’ असे सांगून नदीत, विहिरीत किंवा सिमेंटच्या हौदात उतरवणे सर्रास चालते. जुन्या मंडळ्या मग अशा माणसाचे नाव सभासदांच्या वहीतून कमी करतात. दोन्ही बाजूंचा दोष आहे. जुन्या मंडळ्यांनी बालपणी शिंपडलेल्या पाण्याचा अर्थ वाढत्या मुलाला शिकवला नाही. दृढीकरण म्हणजे नवे कपडे आणि फोटो, एवढेच राहिले. म्हणून तरुणाला खऱ्या अनुभवाची भूक लागते आणि नदीकाठी त्याला तो मिळतो. नव्या मंडळ्यांनी त्या भुकेचा मान राखावा, पण त्याच्या आईवडिलांचा विश्वास खोटा ठरवू नये. परभणीच्या उत्तरेला वाशीम-बुलढाण्याकडे काम करणाऱ्या नाझरीन मंडळीची रीत इथे उपयोगी आहे : शिंपडणे, ओतणे, बुडवणे यांतले काय हवे ते बाप्तिस्मा घेणाऱ्याने निवडावे.

या सगळ्याहून जड ओझे कायद्याने टाकले आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध तिच्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. मांगवाड्यातल्या मुलाची जात बाप्तिस्म्याने गावाच्या नजरेत पुसली जात नाही. जातीचा दाखला मात्र जातो. म्हणून मराठवाड्यात विश्वास ठेवणारी, प्रार्थनेला येणारी, पण वहीत नाव न लावणारी माणसे दिसतात. पुद्दुचेरीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एका स्त्रीचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. तिचा तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा हा त्यात पुरावा होता. पाळकाच्या वहीतली एक ओळ माणसाच्या नोकरीचा निकाल लावते, तेव्हा बाप्तिस्मा पुढे ढकलणाऱ्याला भित्रा म्हणणे क्रूरपणाचे आहे. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला आणि त्याची मुदत एकाहून अधिक वेळा वाढवली. १९५० च्या आदेशातली धर्माची अट अन्यायाची आहे, आणि ती जायला हवी.

अशा बाप्तिस्मा न घेतलेल्यांचा विचार रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी केला होता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य तिथे बंधू म्हणून यावेत, अशी त्यांची योजना होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार वाढला नाही. मिशनच्या लोकांना त्यात बाप्तिस्म्याची अवहेलना दिसली. मला त्यात पाहुण्याला दारातून परत न पाठवणारे मराठी घर दिसते.

तेव्हा परभणी, पूर्णा, गंगाखेड, ताडकळस या पट्ट्यातल्या पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. दुसऱ्या मंडळीतून आलेल्या माणसाला पुन्हा पाण्यात उतरवण्याआधी त्याच्या पहिल्या मंडळीच्या पाळकांशी बोला. निदान वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी, सर्व पंथांची घरे एका ठिकाणी बोलवा. प्रभुभोजनाच्या नियमांवर एकमत होत नसेल तर तो विधी आपापल्या मंडळीत करा. पण त्या संध्याकाळी एकमेकांचे पाय धुवा आणि एका पंगतीला बसून जेवा. वहीत नाव न लावलेल्यांनाही त्या पंगतीत बोलवा. त्यासाठी कोणत्याही बिशपची, मिशनची वा सिनडची परवानगी लागत नाही.